धूर, टायमिंग आणि नोझल

सांगलीत मेकॅनिकलची पदवी घेतल्यानंतर मी कुपवाड एमआयडीसीतील डिझेलचे पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारी नोझल दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षे काढली. डिझेल इंजिनाचे प्रदूषण कमी करण्याचे काम शिकू पाहणाऱ्याने आधी जुन्या यांत्रिक नोझलवर हात बसवावा आणि मगच कॉमन रेलकडे, म्हणजे एकाच नळीतून सर्व नोझलना उच्च दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या संगणक-नियंत्रित पद्धतीकडे, वळावे, असे माझे मत तेथेच पक्के झाले.

पहिल्याच महिन्यात उसाच्या ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर काळा धूर ओकत आला. मी पंप थोडा फिरवून इंजेक्शनचे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) अलीकडे घेतले आणि धूर विरळ झाल्याचे मोठ्या हौसेने मिस्त्रींना दाखवले. त्यांनी धुराकडे पाहिलेही नाही. "कान लाव जरा, कसं ठोकतंय ते ऐक," एवढेच ते म्हणाले. डिझेल लवकर फवारले की काजळी जळून जायला वेळ मिळतो, परंतु सिलिंडरमधील दाब आणि तापमान चढते व त्याबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडेही वाढतात, जी बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत. टायमिंग मागे ओढले की नेमके उलटे घडते. खरा दोष नोझलमध्ये होता: नोझल तपासणीच्या टेस्टरवर लावून दांडा दाबताच धुक्यासारख्या फवाऱ्याऐवजी टोकावरून थेंब ठिबकू लागले. (फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये, डिझेल कातडी भेदून आत शिरते.)

कॉमन रेलमुळे ही ओढाताण बरीच सैल होते. इंजिनावर भार असताना रेलमध्ये १,६०० ते २,००० बार इतका दाब तयार असतो, त्यामुळे ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) एकाच चक्रात अनेक फवारे देता येतात. मुख्य फवाऱ्याआधीच्या एक-दोन मिलिग्रॅमच्या पायलट फवाऱ्याने सिलिंडर आतून तापतो, मुख्य डिझेल एकदम भडकत नाही आणि ठोकण्याचा आवाज उतरतो. हा फवारा प्रमाणाबाहेर गेला तर मात्र काजळी वाढते. मुख्य फवाऱ्यानंतर लगेच दिलेला छोटा फवारा उरलेली काजळी जाळतो. फार उशिरा दिलेला फवारा धुरातील काजळी अडवणारा फिल्टर तापवून साफ करण्यासाठी असतो आणि त्यातील काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते.

१ एप्रिल २०२० पासून वाहनांना बीएस-६ आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यामुळे कॉमन रेलचे इंजेक्टर (नोझल असलेला फवारणीचा भाग) आता शेतकऱ्याच्या दारातही येऊ लागले आहेत. ते बदलताना अनेक इंजेक्टरांच्या डोक्यावर कोरलेला कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. मी एकदा तो विसरलो आणि नवा इंजेक्टर बसवूनही गाडी दुसऱ्या दिवशी परत आली.