दुपारच्या कामासाठी सकाळचे अक्रोड

ठाण्याहून ऐरोली-घणसोलीची लोकल पकडणारे बरेच जण सकाळी चहा-बिस्किटावर भागवतात आणि सुका मेवा चारच्या भुकेला ठेवतात. अक्रोड तरी न्याहारीला घेऊन पाहा. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 32 तरुणांना न्याहारीत 50 ग्रॅम अक्रोड दिले. त्यांचा प्रतिसाद दिवसभर जलद राहिला. स्मरणशक्तीचं मात्र गमतीशीर झालं: दोन तासांनी जराशी मागे, सहा तासांनी पुढे! म्हणजे सकाळच्या पेपरासाठी भरवसा नको, दुपारच्या कामाला ठीक. प्रयोग छोटा होता, एवढं ध्यानात असू द्या.

50 ग्रॅम म्हणजे पंचवीसेक अर्धे गर, सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी. तेव्हा पोह्यांची बशी निम्मी करा, वरून भर नको. दुपारची पेंग शरीराच्या घड्याळामुळेही येते, पण भाताचा डोंगर उपसला की ती वाढते.

वाशीच्या मसाला मार्केटमधून घेताना एक गर मोडून चाखा. खवट लागला, तर पुढचं दुकान बघा. घरी हवाबंद डब्यात, फ्रिजमध्येच ठेवा; आपल्या दमट हवेत ते लवकर मऊ पडतात.