शाळेच्या जुन्या शर्यतींचा इतिहास शोधायचाय? आधी कपाटावरची ढाल खाली काढा

आपल्या हायस्कुलात धावण्याच्या-उड्यांच्या स्पर्धा कधी सुरू झाल्या हे शोधायचं असेल तर जुन्या पेपरच्या फायली उघडायच्या आधी शाळेच्या ऑफिसात जा. तिथे कपाटावर धूळ खात पडलेली सगळ्यात जुनी ढाल असेल ती खाली काढून घ्या. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांमधून बरीच वर्षं हे करत फिरतोय, आणि सुरुवातीला मी सरळ वाचनालयात जाऊन बसलो होतो, दोन महिने गेले आणि हातात चार ओळी आल्या.

ढालीवर मध्ये मोठं पदक असतं, आणि कडेने छोट्या छोट्या पट्ट्या ठोकलेल्या, प्रत्येकीवर साल आणि विजेत्याचं नाव. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने ती काळी पडलेली असते म्हणून लगेच कोणीतरी चिंच नाहीतर ब्रासो घेऊन येतं. त्यांना थांबवा! आधीच घासून घासून अक्षरं गेलेली असतात. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च अगदी बाजूने, तिरका धरा आणि दुसऱ्या मोबाईलने फोटो काढा, पुसट अक्षरांच्या सावल्या पडतात आणि सरळ उजेडात न दिसणारं नाव वाचता येतं.

आता महत्त्वाचं. ढालीवर समजा 1936 आहे तर त्याचा अर्थ त्या साली कोणीतरी ढाल दिली एवढाच. शर्यती त्याच्या आधी दहा वर्षं चालू असू शकतात. स्मरणिकांमधून 'आमच्या शाळेची पहिली स्पर्धा अमुक साली' असं बिनधास्त छापलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा ढालीवरूनच उचललेलं असतं. तुम्ही लिहिताना 'सगळ्यात जुनी सापडलेली नोंद' असं लिहा, 'पहिली' हा शब्द फार जपून वापरा.

मग त्याच्या मागे कसं जायचं? जिमखाना फीची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मागा. ही वही कोणाला आठवत नाही, पण माझा तरी सगळ्यात जास्त विश्वास हिच्यावर, कारण खर्च झाला म्हणजे स्पर्धा झाली. मैदान आखायचा चुना, काथ्याची दोरी, पिस्तुलाच्या टिकल्या, बक्षिसांची पुस्तकं, पाहुण्यांचा चहा, सगळं तारखेनिशी लिहिलेलं असतं. त्याच्या जोडीला शेरेबुक (तपासणीला आलेल्यांचे शेरे असतात ते), वार्षिक अहवाल आणि मुलांचे हस्तलिखित अंक बघा. वह्या मागायला मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, एक कॉपी संस्थेच्या सेक्रेटरींना, आणि पावसाळ्यात जाऊ नका, ओल धरलेली पानं उलटताना फाटतात. दिवाळीनंतर जा. एका शाळेत मी महिनाभर उशिरा पोचलो, रद्दीवाला येऊन गेला होता, कसरीने खाल्लेली का होईना पण तेवीस वर्षांची कीर्द गेली, ते अजून जिव्हारी लागतं.

जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, मात्र कायम जपायचं दप्तर आहे, ते असतंच. ढालीवर नुसतं 'परब' किंवा 'सावंत' असतं आणि आपल्याकडे अर्धा वर्ग परब-सावंतांचाच, तेव्हा पूर्ण नाव आणि गाव तिथे जुळवायचं. जात, जन्मतारीख वगैरे वहीत दिसेल, ते आपल्या लेखात आणायचं नाही. जुनी इयत्ता वाचताना फसू नका, 'इंग्रजी पाचवी' म्हणजे आजची नववी, कारण इंग्रजी सातवीला, म्हणजे अकरावीला, मॅट्रिक व्हायची.

तारखांचा घोळही समजून घ्या. स्पर्धा थंडीत व्हायच्या आणि शाळेचं वर्ष दोन सालांत, म्हणून '1935-36' लिहिलं असेल तर डिसेंबर की जानेवारी ते कीर्दीवरूनच ठरवायचं. शके दिलं असेल तर 78 मिळवतात हे सगळ्यांना माहीत असतं पण जानेवारीपासून, म्हणजे साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंत, 79 मिळवायचे, आणि आपल्या स्पर्धा नेमक्या त्याच महिन्यांत!

जिल्ह्याचंही तसंच. सिंधुदुर्ग 1 मे 1981 ला झाला, त्याआधीचं मालवण-वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यात शोधा. सावंतवाडी तर 1948 पर्यंत वेगळं संस्थान होतं, मुंबई सरकारच्या कागदात तिथली शाळा सापडली नाही म्हणून तिथे स्पर्धा नव्हत्या असं धरू नका.

आकडे जसेच्या तसे उतरवा, हे मी हात जोडून सांगतो. जुन्या शर्यती 100, 220, 440, 880 यार्ड आणि मैल अशा असायच्या, मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा आहे आणि शाळांच्या मैदानावर मीटर यायला आणखी वेळ लागला. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर, त्यामुळे 'आजोबा 100 मीटर साडेदहात धावले' हे घरातलं कौतुक तपासून घ्या. वेळ '10 2/5' अशी दिसली तर ती चूक नाही, तेव्हाची घड्याळं सेकंदाचे पाच भाग दाखवायची. ते 10.4 होतं पण तुम्ही मूळ आकडा ठेवा आणि बाजूला आजचा लिहा.

एवढं झालं की मग वाचनालय. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 चं. 'सत्यशोधक', 'बलवंत', 'वैनतेय' अशा आपल्या साप्ताहिकांचे जे अंक मिळतील त्यातले डिसेंबर ते फेब्रुवारी एवढेच बघा, आणि 'क्रीडा स्पर्धा' हा शब्द शोधत बसू नका. बातमी 'गॅदरिंग', 'बक्षीस समारंभ', 'मर्दानी खेळ' अशा नावाखाली असते, हुतूतू-आट्यापाट्यांच्या निकालात कुठेतरी शेवटच्या ओळीला मैलाची शर्यत.

माणसांना भेटायचं ते गणपतीत, चाकरमानी गावाला आलेले असतात आणि घरातली जुनी ट्रंकही उघडते. 'किती सेकंदात धावलात' असं विचारू नका, ते आठवत नाही. कुठून सुटलात, कुठे संपली, पायात काय होतं, घड्याळ कोणाच्या हातात होतं हे विचारा. मालवणकडच्या एका आजोबांना मी अंतर मीटरमध्ये विचारलं तर म्हणाले, "झिला, तेव्हा खंयचो मीटर, सगळा यार्डातच." मग वडापासून देवळाच्या कुंपणापर्यंत कातळावर अनवाणी कसे धावायचे ते त्यांनी हाताने दाखवलं, मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन ते अंतर मोजलं. निघताना त्यांनी बक्षिसाचं पुस्तक आणून दाखवलं. आतल्या कोऱ्या पानावर हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात '440 यार्ड, दुसरा', खाली सही, तारीख. शाळेच्या ढालीवर त्यांचं नाव नव्हतं, कारण ढालीवर फक्त पहिला येतो. म्हणून पुस्तकांची ती कोरी पानं घराघरात जाऊन बघाच, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरची मुलं तिथेच सापडतात.

जमलेल्या सगळ्याच्या तीन कॉपी करा आणि तीन वेगळ्या गावांत ठेवा. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 आणि 2021, दोन्ही पुरांचं पाणी शिरलं होतं. एक शाळेला द्या, एक वाचनालयाला, तिसरी आपल्याकडे. आणि ज्यांनी ट्रंक उघडून दाखवली त्यांना मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घरी नेऊन द्या, मोबाईलवरचं त्यांना वाचता येत नाही.