जुना कपडा अंगचा कसा करावा

जुन्या कपड्यांतून स्वतःची अशी शैली उभी करायची असेल, तर छापाला आणि जरीला भुलणं आधी सोडा. मोठ्या कॉलरचा, झकास फुलांचा शर्ट बाजारात कितीही देखणा वाटला, तरी तो कपाटात पडून राहतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: तो खांद्यावर बसत नाही. मापात बसलेला जुना कपडा तुमचा दिसतो, न बसलेला दुसऱ्याने उतरवून दिलेला दिसतो. त्यामुळे या लेखात सगळ्यात जास्त जागा फिटिंगला दिली आहे.

कुठे शोधायचं

सुरुवात घरच्या माळ्यावरून करा. आजोबांचा बुशशर्ट, वडिलांची सफारी, आजीचं इरकल यांच्या तोडीचा माल बाजारात क्वचित सापडतो. शिवाय घरातल्या माणसांची खांद्याची ठेवण बरेचदा आपल्याशी जुळते. भांडीवालीला गाठोडं देण्याआधी ट्रंक एकदा तळापर्यंत उपसा.

मुंबईत फॅशन स्ट्रीट, लिंकिंग रोड आणि कुलाबा कॉजवे इथे मिळतं ते बहुतांशी नवीनच असतं, एक्स्पोर्ट सरप्लस म्हणजे निर्यातीतून उरलेला किंवा थोडा दोष असल्याने मागे राहिलेला माल. तो जरूर घ्या, पण ‘व्हिंटेज’ म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका. खरोखर वापरलेले जुने कपडे हवे असतील तर शुक्रवारी पहाटे चोर बाजारात जा. मटन स्ट्रीटवरची दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. अंधारात डाग दिसत नाहीत, तेव्हा मोबाइलचा टॉर्च वापरा. ऑनलाइन घेताना एम किंवा एल असली अक्षरं विसरा. कपडा सपाट पसरून घेतलेली खांदा, काख ते काख आणि पाठीची लांबी ही तीन मापं मागा, आणि तुम्हाला सगळ्यात चांगल्या बसणाऱ्या शर्टाशी ती ताडून बघा. माप द्यायला टाळाटाळ झाली तर तो सौदा सोडून द्या.

कपडा किती जुना, हे लेबलवरून थोडंफार कळतं. आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. टेलरच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल, तर ‘साठच्या दशकातला शर्ट’ हा दावा तिथेच संपला. उलट बाजूने मात्र हा पुरावा चालत नाही. ‘बॉम्बे २८’ असा जुन्या टपाल विभागाचा आकडा लिहिण्याची सवय पिन आल्यावरही टिकली होती.

कापड पारखणं

उजेडासमोर धरा, भोकं आणि विरलेल्या जागा लगेच दिसतील. काख, कॉलरची घडी आणि पँटचं आसन या तीन जागी कापड आधी संपतं. रेशीम असेल तर घडीच्या रेषेवर दोन्ही अंगठे ठेवून हलकेच ताण द्या. करकर आवाज आला किंवा धागे सरकले, तर ते रेशीम गेलं. त्याला रफूगरही वाचवू शकत नाही, कारण टाका धरायलाच तिथे काही उरलेलं नसतं.

आतल्या शिवणीतून एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. रेशीम आणि लोकर जळक्या केसांसारखी वास मारतात. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. शिवण्याचा दोरा आणि कापड वेगळ्या जातीचे असू शकतात, म्हणून धागा कापडाच्या कडेचाच घ्या. मुंबईच्या दमट हवेत हे बघणं फार गरजेचं आहे. जुन्या टेरिकॉटमध्ये बहुधा दोन तृतीयांश पॉलिएस्टर असतं. असा शर्ट रंग टिकवतो, इस्त्री मागत नाही, पण मे महिन्यात दादरच्या पुलावर नकोसा होतो. तो डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा.

धुणं

सुती कपडा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुऊन कडक उन्हात वाळवा. बुरशीचे राखाडी डाग बरेचसे जातात, काळे ठिपके जात नाहीत. रेशीम रिठ्याच्या पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. फिटिंगला देण्याआधी कपडा धुतलाच पाहिजे, कारण नंतर आटला तर केलेली सगळी मापं फुकट जातात.

फिटिंग

सगळं बिघडतं ते इथे. ‘मोठं घ्या, टेलर लहान करून देईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धवट आहे. बाजू आत घेता येतात, लांबी कमी करता येते, बाही आखूड होते. खांदा मात्र सहजासहजी बदलत नाही. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. अर्धा इंच बाहेर असेल तर चालतं. एक इंच बाहेर असेल, तर बाही पूर्ण उसवायची, मुंढा (बाही जिथे जोडतात ते काखेभोवतीचं भोक) नव्याने कापायचा, बाहीचा गोल त्याला जुळवायचा आणि पुन्हा जोडायचं. हे काम नवीन शर्ट शिवण्याइतकंच कसबाचं आहे. पट्ट्यापट्ट्यांच्या किंवा चौकटीच्या कापडात तर रेषा जुळणं कठीण, आणि न जुळलेली रेषा समोरच्याला आधी दिसते. दीड इंचाच्या पुढे असेल तर कपडा कितीही सुंदर असो, परत ठेवा. आणि खांदा आतल्या बाजूला, म्हणजे अरुंद असेल, तर काहीच करता येत नाही, कारण मुंढ्यात वाढवण्याइतकी माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, सोडलेली नसते.

अपवाद फक्त मुद्दाम सैल शिवलेल्या कपड्यांचा. कुडता, बंडी किंवा उतरत्या खांद्याचं जॅकेट याला हा नियम लावू नका.

दुसरी अडचण मुंढ्याच्या उंचीची. जुन्या शर्टांचा मुंढा बरेचदा काखेत उंच आणि घट्ट असतो. आरशासमोर हात खाली सोडून उभं राहिलं तर हे कळत नाही. लोकलची कडी धरल्यासारखा हात वर करा. काखेत कापलं किंवा शर्ट दोन इंचांपेक्षा जास्त वर खेचला गेला, तर मुंढा लहान आहे. इथे टेलर ‘थोडा खोल कापून देतो’ म्हणेल, त्याला कापू देऊ नका. मुंढा खाली उतरवला की हात वर करताना पूर्वीपेक्षा जास्त अडकतं. काखेत चौबगळा, म्हणजे कापडाचा वेगळा चौकोनी तुकडा, बसवणं हाच खरा उपाय. त्यासाठी तळाच्या दुमडीतलं किंवा खिशामागचं कापड वापरता येतं, रंग जुळतो.

कामाचा क्रम पक्का ठेवा: खांदा, मग छाती आणि बाजू, मग बाही, सगळ्यात शेवटी लांबी. खांदा अर्धा इंच आत घेतला की बाहीचं टोकही अर्धा इंच वर सरकतं. बाही आधी कापून बसलात तर ती कायमची आखूड झाली.

टाचण्या लावताना कपडा उलटा घालू नका. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा उतरता असतो, आणि उलटा घातला की डाव्याचं माप उजव्याला जातं. सुलटा घालून, बाहेरून चिमटीत धरून टाचा. मग टेलरला मशीनची टीप मारू न देता कच्चा धागा घालायला सांगा. त्या अवस्थेत घरी अर्धा तास वावरा, जमिनीवर बसा, वरच्या फळीवरचा डबा काढा. ओढ कुठे येते ते तेव्हाच कळतं.

शर्टाच्या प्रत्येक बाजूने एक ते सव्वा इंच आत घेता येतं. त्याहून जास्त घेतलं तर छातीवरचा खिसा काखेकडे सरकल्यासारखा दिसतो. पँट असेल तर मागच्या मधल्या शिवणीतली माया बघा. जुने टेलर तिथे सढळ हाताने माया सोडत, त्यामुळे कंबर दीड-दोन इंच वाढू शकते. दोन इंचांपेक्षा जास्त कमी केली तर मागचे खिसे एकमेकांना भिडतात. आसन आखूड असेल तर पँट घेऊच नका.

एक गोष्ट टेलरला दोनदा सांगा: जास्तीचं कापड कापायचं नाही, आत पाऊण इंच तरी माया ठेवायची. बाजारात लागूनच मशीन टाकून बसलेल्यांकडे फक्त पँटची लांबी करून घ्या. ते कातर आधी चालवतात. खांद्याचं काम पूर्ण शर्ट शिवणाऱ्या टेलरकडेच द्या. शिवण मोकळी करून कपडा वाढवायचा असेल तर आधी उलट्या बाजूने माया उघडून बघा. आतला रंग गडद आणि बाहेरचा उडालेला असेल, तर उसवल्यावर पट्टा दिसणार. रेशमात तर जुन्या सुईची भोकंही राहतात.

चांगल्या स्थितीतल्या पैठणीला किंवा इरकलला कातर लावू नका. त्यांचे ड्रेस शिवण्याची हौस सध्या फार आहे. ती साडी नेसली तर आणखी कित्येक वर्षं जाईल, अंगाबरोबर शिवलेला ड्रेस पहिल्यांदा शिवणीवरच फाटेल. फाटलेल्या साडीचेच काठ आणि पदर काढा, आणि खाली मलमलचं अस्तर लावा म्हणजे ताण अस्तरावर जाईल.

घालणं

एका वेळी एकच जुना कपडा, बाकी सगळं आजचं आणि साधं. मोठ्या कॉलरच्या बुशशर्टाखाली बेलबॉटम घातली की नाटकातला वेश होतो. तोच शर्ट साध्या सरळ पँटवर, बाह्या दोनदा दुमडून घाला. खणाचं जुनं पोलकं सुती पांढऱ्या साडीवर किंवा जीन्सवर उठून दिसतं. सफारीचा वरचा भाग एकटाच, बटणं उघडी टाकून टी-शर्टवर चालतो. बटणं बदलायची असतील तर आधी काजाची लांबी मोजा, आणि मूळची बटणं डबीत घालून त्याच हँगरला अडकवून ठेवा.