अनेक देशांचा वर्किंग हॉलिडे प्रवास कसा आखावा

जगाचा नकाशा पसरा आणि आवडत्या ठिकाणांवर खुणा करा, हा सल्ला जिथे-तिथे मिळतो. नुसत्या भटकंतीला तो चालतो. मध्ये सहा महिने, वर्षभर काम करत राहायचे थांबे असतील तर मात्र तो महागात पडतो, कारण अशा प्रवासाचा क्रम व्हिसाच्या तारखा ठरवतात. म्हणून स्प्रेडशीट उघडा आणि देशांची नावे लिहायच्या आधी पुढचे ३६ महिने एकाखाली एक लिहून काढा.

१. कोणता देश घेतो ते पाहा

वर्किंग हॉलिडे म्हणजे तरुणांना दुसऱ्या देशात ठरावीक काळ राहून फिरू आणि काम करू देणारा व्हिसा. ही दोन देशांतल्या करारावर चालणारी सोय आहे. तुमचा पासपोर्ट कोणता, यावर सगळे अवलंबून. ऑस्ट्रेलियात या व्हिसाचे ४१७ आणि ४६२ अशा क्रमांकांचे दोन प्रकार आहेत. ४६२ साठी इंग्रजीची अट असते, बहुतेकांना शिक्षणाचीही. शिवाय चीन, भारत आणि व्हिएतनामच्या अर्जदारांची पहिल्या व्हिसासाठी सोडत निघते. ब्रिटनच्या भारतीयांसाठीच्या यंग प्रोफेशनल्स योजनेतही सोडतच, आणि पदवी लागते. कॅनडात आधी नाव नोंदवून बोलावणे येण्याची वाट पाहावी लागते.

सोडतीचा देश आराखड्याचा आधार करू नका. त्याच्याशिवाय उभा राहणारा आराखडा आखा. नंबर लागला तर त्याला जागा करून देता येते. आणि नियम फक्त त्या-त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर वाचा.

पासपोर्टची मुदत पूर्ण प्रवासाला पुरत नसेल तर निघण्यापूर्वीच नवा काढा. कॅनडा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे वर्क परमिट देत नाही.

२. पैसे

खात्यात किती पैसे दाखवावे लागतात? ऑस्ट्रेलियासाठी साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, न्यूझीलंडच्या अनेक करारांत ४,२०० न्यूझीलंड डॉलर, कॅनडासाठी २,५०० कॅनेडियन डॉलर, ब्रिटनसाठी २,५३० पौंड, तेही सलग २८ दिवस खात्यात. ब्रिटनसाठी एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. ही रक्कम प्रत्येक देशासाठी नव्याने दाखवावी लागते. पहिल्या थांब्याची तरतूद करून बाकीच्यांचे पुढे बघू म्हणणारे दुसऱ्या अर्जाला अडकतात.

३. तारखांची साखळी

बहुतेक आराखडे इथेच फसतात, म्हणून इथे घाई नको. प्रत्येक व्हिसापुढे तीन रकाने करा: अर्जाची शेवटची तारीख, प्रवेशाची शेवटची तारीख आणि मुक्कामाची शेवटची तारीख. या तिन्ही वेगवेगळ्या असतात, आणि लोक त्यांना एकच समजतात.

पहिला रकाना वयाचा. बहुतेक करारांत मर्यादा १८ ते ३० वर्षे आहे, म्हणजे एकतिसावा वाढदिवस येण्याआधी अर्ज. काही करारांत ३५ पर्यंत सवलत मिळते. वय सहसा अर्जाच्या दिवशीचे धरतात, विमानातून उतरण्याच्या दिवशीचे नव्हे. तिशीच्या जवळ असाल तर सगळ्यात कडक मर्यादेचा देश आधी घ्या, मग तो नकाशावर कितीही आडवाटेला असो.

दुसरा रकाना सगळ्यात दगाबाज. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मंजूर झाल्यावर आत शिरायला १२ महिने मिळतात, आणि शिरल्या दिवसापासून मुक्कामाचे १२ महिने मोजतात. कॅनडाच्या मंजुरीपत्रावरही प्रवेशाची मुदत असते आणि खरे परमिट सीमेवर बनते. आता समजा दोन देशांचे व्हिसा एकदमच मार्चमध्ये काढले, दोन्हींना प्रवेशासाठी १२ महिने. मे महिन्यात पहिल्या देशात उतरलात आणि पुढच्या मेपर्यंत राहिलात. दुसरा व्हिसा तोवर मार्चमध्येच बाद झालेला असतो. 'सगळे व्हिसा निघण्यापूर्वीच उरकून घ्या' हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. दुसऱ्या देशाचा अर्ज पहिल्या मुक्कामाच्या सातव्या-आठव्या महिन्यात करा. पोलीस प्रमाणपत्र (गुन्ह्याची नोंद नसल्याचे), बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी यांना तीन-चार महिने धरावेच लागतात.

पण अर्ज कुठून करता येतो, हे त्याआधी तपासा. जपानचा अर्ज सहसा मायदेशातल्या जपानी वकिलातीतच द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियाचा पहिला व्हिसा मागताना तुम्ही ऑस्ट्रेलियाबाहेर असले पाहिजे, ब्रिटनचेही तसेच. त्यामुळे जपान एक तर अगदी पहिला ठेवा, नाहीतर मध्ये घरी येणार असाल त्या फेरीला लागून ठेवा. सिडनीत बसून टोकियोचा बेत करणाऱ्यांना ऐनवेळी घरचे तिकीट काढावे लागते.

तिसऱ्या रकान्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची: मुक्कामाचे घड्याळ थांबत नाही. ऑस्ट्रेलियातून दोन महिने बाहेर फिरून आलात तरी ते दोन महिने परत मिळत नाहीत.

ऑस्ट्रेलियात दुसरे वर्ष हवे असेल तर पहिल्या वर्षात तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, सरकारी यादीतले ठरावीक काम (जसे शेतावरची फळतोडणी) करावे लागते. तिसऱ्या वर्षासाठी आणखी सहा महिने. (ब्रिटिश पासपोर्टधारकांना १ जुलै २०२४ पासून ही अट नाही.) कामाचा प्रकार आणि ठिकाणाचा पोस्टकोड, दोन्ही यादीत बसले पाहिजेत. मेलबर्नच्या कॅफेतले काम यात धरत नाहीत. पूर्णवेळ नोकरीत साप्ताहिक सुट्ट्या मोजल्या जातात, तुटक कामात फक्त प्रत्यक्ष काम केलेले दिवस. हे दिवस पहिल्या सहा महिन्यांतच भरून टाका. शेवटच्या तीन महिन्यांवर ठेवले आणि पावसाने तोडणी लांबली, तर वर्ष हातचे जाते. पे-स्लिपशिवाय रोख पगार देणारे काम घेऊ नका. पगार मिळेल, पण दिवस सिद्ध करता येणार नाहीत. काम मिळवून देण्यासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

मग या साखळीवर हंगाम बसवा. न्यूझीलंडमध्ये 'ते पुके' (Te Puke) या गावाच्या भागात किवीची तोडणी साधारण मार्च ते जून चालते, सेंट्रल ओटागोत चेरीची डिसेंबर-जानेवारीत. कॅनडातल्या स्कीच्या गावांत हंगाम डिसेंबर ते एप्रिल असला तरी भरती सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये होते. जानेवारीत पोहोचणाऱ्याला नोकरी एखादवेळ मिळेल, राहायला खोली मिळणे कठीण. व्हिसा हंगामाच्या मध्यावर सुरू होत असेल तर प्रवेश दोन महिने पुढे ढकला. प्रवेशाची मुदत त्यासाठीच वापरायची असते.

आणि विमा. कॅनडाच्या सीमेवर विम्याचा कागद मागतात, आणि पॉलिसी जितक्या महिन्यांची, परमिट तितकेच मिळू शकते. नंतर विमा वाढवला म्हणून परमिट वाढत नाही. परमिट दोन वर्षांचे मिळणार असेल तर पैसे वाचवायला सहा महिन्यांची पॉलिसी घेणे म्हणजे दीड वर्ष सोडून देणे. पूर्ण मुदतीचीच घ्या.

४. मधली भटकंती

शेंगेन देशांत (आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेला युरोपीय देशांचा गट) व्हिसामुक्त किंवा पर्यटक म्हणून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. हा हिशेब रोज मागच्या १८० दिवसांवर होतो, सीमा ओलांडली म्हणून शून्यावर येत नाही. एखाद्या शेंगेन देशाच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर तिथे राहिलेले दिवस या ९० मध्ये धरत नाहीत.

दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून पुढे जाणार असाल तर लस किमान १० दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते; मूळ प्रत जवळ ठेवा.

५. तिकिटे

जगप्रदक्षिणेचे एकत्र तिकीट घेऊ नका. ते जास्तीत जास्त एक वर्ष चालते आणि साधारण एकाच दिशेने जावे लागते. वर्षभराचे दोन थांबे त्यात बसतच नाहीत. एकेरी तिकिटे काढा आणि परतीचे तिकीट घेण्याइतके पैसे खात्यात असल्याचा पुरावा छापून हाताशी ठेवा; तो बहुधा विमानतळाच्या चेक-इनवरच मागतात.

६. प्रत्येक देश सोडताना

पोलीस प्रमाणपत्र तिथे असतानाच काढा. कॅनडा मागच्या १० वर्षांत सलग सहा महिने राहिलेल्या प्रत्येक देशाचे प्रमाणपत्र मागू शकतो, आणि बोटांचे ठसे लागत असतील तर बाहेरून ते काम फार रेंगाळते. पे-स्लिप, घरभाड्याचे करार, कराची कागदपत्रे स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

ऑस्ट्रेलियात मालकाने तुमच्या नावे भरलेले सुपर, म्हणजे निवृत्तीचे पैसे, देश सोडून व्हिसा संपल्यावर परत मागता येतात. वर्किंग हॉलिडेवाल्यांच्या त्या रकमेतून ६५ टक्के कर कापला जातो, तरी उरलेले तुमचेच आहेत. त्यासाठी सुपर फंडाचे नाव आणि सदस्य क्रमांक नोकरी सोडायच्या दिवशीच लिहून घ्या, आणि पैसे जमा होईपर्यंत तिथले बँक खाते बंद करू नका.