क्लोजिंग गिफ्ट विकायला निघालात? आधी त्या २५ डॉलरचं ऐका

सगळ्यांचं होतं तेच माझं झालं. पहिल्या आठ महिन्यांत मैत्रिणी, नवऱ्याच्या ऑफिसातल्या बायका, मंडळातल्या काकू, सगळ्यांकडे किचनवेअरच्या पार्ट्या करून झाल्या आणि मग लोक माझा फोन उचलेनात. एकाच बाईला चॉपर किती वेळा विकणार? तेव्हा माझी अपलाइन, म्हणजे मला या डायरेक्ट सेलिंगमध्ये आणणारी वरची विक्रेती, म्हणाली, रिअल इस्टेट एजंट धर, घराचं क्लोजिंग झालं, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्या होऊन घर नावावर झालं, की ते क्लायंटला गिफ्ट देतात, दोन-तीन चांगले एजंट मिळाले की वर्षभराची ददात मिटली. आता चार वर्षं झाली हे करतेय, अमेरिकेत कोलंबसच्या आसपास, निम्म्याहून जास्त विक्री एजंटांकडूनच येते. ददात मात्र मिटलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

अजून एक आधीच. एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, असाल तर ईएडी (कामाचा परवाना) हातात आल्याशिवाय यात पाय टाकू नका. "हे काय काम थोडंच आहे, घरबसल्या तर आहे" असं सांगणारे खूप भेटतील. कमिशन घेताय म्हणजे कामच आहे.

आता माझी फजिती. अपलाइनने मला एक तयार फ्लायर दिला होता, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "क्लोजिंग गिफ्ट, शंभर टक्के टॅक्स डिडक्टिबल", म्हणजे एजंटला हा सगळा खर्च टॅक्स भरताना उत्पन्नातून वजा करता येतो. मी तोच शंभरेक कॉपी काढून ऑफिसा-ऑफिसांत वाटला. एका एजंटबाईंना आवडला, त्यांनी त्या वर्षात माझ्याकडून १४ सेट घेतले, प्रत्येकी ७२ डॉलरचे. म्हणजे १००८ डॉलर, एकाच गिऱ्हाइकाकडून! मी हवेत. मार्चमध्ये त्यांचा फोन आला, आवाज एकदम थंड. त्यांच्या सीपीएने, म्हणजे टॅक्स बघणाऱ्या अकाउंटंटने, सांगितलं होतं की एका क्लायंटमागे वर्षाला गिफ्टचा खर्च म्हणून फक्त २५ डॉलर धरता येतात. १४ गुणिले २५ म्हणजे ३५०. बाकीचे ६५८ डॉलर त्यांच्या खिशातून, टॅक्सला काही उपयोग नाही. मी "पण फ्लायरवर तर..." असं काहीतरी बोलले, त्यावर त्या म्हणाल्या, फ्लायर तुझाच होता ना. त्या परत आल्या नाहीत, आणि त्यांच्या ऑफिसातलं बाकी कुणीही आलं नाही. अजूनही त्या रस्त्याने जाताना पोटात कसंतरी होतं.

हे नीट समजून घ्या, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. बिझनेस गिफ्टवरची ही २५ डॉलरची मर्यादा १९६२ साली आली आणि आजही तीच आहे, महागाई कुठल्या कुठे गेली पण आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचा, आकडा जागचा हलला नाही. मर्यादा वस्तूमागे नाही, माणसामागे आहे, आणि पूर्ण वर्षाची आहे. म्हणजे एजंटने जूनमध्ये क्लोजिंगला २५ चं दिलं आणि डिसेंबरमध्ये त्याच क्लायंटला परत काही दिलं, तर डिसेंबरचं मोजणीत येत नाही. क्लायंटच्या बायकोच्या नावाने दिलं तरी ते क्लायंटलाच दिल्यासारखं धरतात, त्यामुळे ती युक्तीही सुचवू नका. मग लोक म्हणतात, कटिंग बोर्डवर एजंटचं नाव कोरलं की ती जाहिरात झाली, मर्यादा लागत नाही. हे इतक्या आत्मविश्वासाने सांगतात की मीही वर्षभर मान डोलवत होते. लेखी सूट आहे ती ४ डॉलर किंवा त्याहून कमी किमतीच्या वस्तूंना, ज्यावर नाव कायमचं छापलेलं आहे आणि ज्या एकसारख्या सगळीकडे वाटल्या जातात. पेनं, छोटे स्क्रेपर वगैरे. सत्तर डॉलरची सुरी त्यात कशी बसणार? आणि स्टिकर चिकटवणं म्हणजे कायमचं छापणं नव्हे, तेही मी करून पाहिलंय.

यात एक फट मात्र खरी आहे. पॅकिंग, पाठवणावळ, कोरकाम हे वरखर्च त्या २५ मध्ये मोजत नाहीत, जोवर त्याने गिफ्टची किंमत फार वाढत नाही. हे कळल्यावर मला वाटलं मी फारच हुशार, म्हणून २२ डॉलरच्या वस्तू ३० डॉलरच्या सुंदर लाकडी ट्रेमध्ये बांधून दिल्या आणि ट्रेला बिलात "पॅकिंग" म्हटलं. दुसऱ्या एजंटने ते सीपीएला दाखवलं, तो हसला म्हणे. आयआरएसच्या पुस्तिकेत नेमकं हेच उदाहरण आहे, फळांच्या मानाने टोपली भारी असेल तर ती टोपली पॅकिंग नव्हे, ते गिफ्टच. म्हणून आता माझं बिल असं असतं: वस्तू २४, साधा खोका आणि रिबन ५, कोरकाम वेगळं, डिलिव्हरी वेगळी. ज्यांना मोठं द्यायचंय ते मोठं देतात, ७२ वाला सेट अजूनही विकला जातो, फक्त टॅक्सबद्दल मी एक शब्द बोलत नाही. विचारलंच तर "तुमच्या सीपीएला विचारा, मी बिल सुटं करून देते" एवढंच. आणि तुम्ही एजंटला जे फुकट देता त्यालाही हीच २५ ची मर्यादा आहे, तुमच्या स्वतःच्या शेड्यूल सी मध्ये (टॅक्स रिटर्नमधला धंद्याच्या हिशोबाचा फॉर्म), ते विसरू नका.

घाबरलात? घाबरू नका. एजंटही आपल्यासारखेच १०९९ वाले, म्हणजे पगारी नोकर नसलेले, स्वतःच्या खिशातून खर्च करणारे. त्यांना भांडी नकोच असतात, त्यांना "गुरुवारी क्लोजिंग आहे आणि मी काहीच घेतलं नाही" ही कटकट मिटवून हवी असते. हे ज्या दिवशी डोक्यात शिरलं त्या दिवसापासून मी कॅटलॉग दाखवणं बंद केलं. तीनच सेट, तीन किमती, एका कागदावर.

सेटमध्ये काय? पहिल्या रात्री लोक खोक्यांच्या ढिगात बसलेले असतात, कात्री सापडत नाही, कॅन ओपनर सापडत नाही. तेच द्या: कात्री, छोटी सुरी, कटिंग बोर्ड. पॅन देऊ नका, नव्या घरात गॅस आहे की इंडक्शन तुम्हाला काय माहीत. सुरी असेल तर खोक्यात एक पेनी टाका, सुरी भेट दिल्याने नातं तुटतं असं इथेही मानणारे आहेत आणि पेनीमुळे ती "विकत घेतलेली" होते. कटको कंपनीच्या नाव कोरलेल्या सुऱ्या बऱ्याच एजंटांना आधीच माहीत असतात, त्यांच्याशी सुऱ्यांवर भांडू नका, बोर्डवर या. नाव कोरायचं तर आपल्याकडे भांड्यावर "सप्रेम भेट" टाकून देणाऱ्याचंच नाव ठळक असतं ना, एजंटलाही तसंच हवं असतं, फोन नंबरसकट. मी म्हणते पुढे क्लायंटचं आडनाव, मागे बारीक तुमचं, नाहीतर तो बोर्ड फडताळाच्या तळाशी जातो. बाहेरून कोरून घेतल्यावर वॉरंटी राहते का, हे कंपनीला आधीच विचारा.

भेटायचं कसं? ओपन हाऊसमध्ये घुसून कार्ड देऊ नका, तिथे ते गिऱ्हाईक बघत असतात, मी केलंय आणि दार दाखवलं गेलंय. ऑफिस मॅनेजरला विचारून त्यांच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं मागा. फ्लायरवर "रिअल्टर" सरसकट छापू नका, तो एजंटांच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सचा ट्रेडमार्क आहे, सगळे एजंट त्याचे मेंबर नसतात. "एजंट" लिहा, वाद नाही. ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवायच्या आधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो, एजंटची फी त्यात आकड्यात लिहिलेली असते, त्यामुळे काही जण गिफ्टला कात्री लावतात तर काही जण उलट जास्त देतात. आधी ऐका कोण कुठल्या गटातलं आहे ते.

दोन ठिकाणी मात्र हात लावू नका. लेंडर (घराचं कर्ज देणारा) म्हणाला की गिफ्टचे निम्मे पैसे मी देतो, तर एजंटला "आधी तुमच्या ब्रोकरला विचारा" म्हणा, घरकर्जाच्या व्यवहारांवरच्या १९७४ च्या रेस्पा कायद्यात रेफरलच्या बदल्यात काही देण्या-घेण्याला मनाई आहे आणि त्या भानगडीत तुमचं बिल पुरावा म्हणून नको. दुसरं, एजंट म्हणाला गिऱ्हाईक पाठव, तुला काही देईन, तर नको. लायसन्स नसताना त्यावर पैसे घेता येत नाहीत.

अपलाइनबद्दल माझं मत कडवट आहे, सांगूनच टाकते. तिला माझ्या विक्रीवर मिळतं, माझ्या नफ्यावर नाही, त्यामुळे तिचा सल्ला कायम "अजून ऑर्डर कर" असाच असतो. मला खरं शिकवलं ते एका म्हाताऱ्या एजंटने, फुकटात, कॉफीवर. एजंटांच्या ईमेल याद्या विकत घेणं हा तर शुद्ध मूर्खपणा, माझे ६० डॉलर गेले आणि एकही उत्तर आलं नाही.

राहिला माल. घरी तीन सेट ठेवा, तीनच, क्रेडिट कार्डावर वीस नकोत. क्लोजिंगच्या तारखा पुढे जातात, कधी अचानक अलीकडे येतात, आणि कंपनीची डिलिव्हरी आठवडा घेते. परवाच बुधवारी संध्याकाळी फोन, शुक्रवारी सकाळी दहाला टायटल कंपनीत (घराच्या मालकीचे कागद बघणारी कंपनी) क्लोजिंग. आडनाव मी लेखी मागवलं, मेसेजवर, कारण एकदा फोनवर ऐकून "मेयर"चं स्पेलिंग चुकवलंय आणि तो बोर्ड आता माझ्याच ओट्यावर आहे, कांदे त्यावरच चिरते.