ब्रिटनमध्ये नवीन आलात? मतदार यादीपासून वॉर्डातल्या निवडणुकीपर्यंत

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला घर, बँक, जीपी, मुलांची शाळा यांबद्दल सल्ला देणारे दहा जण भेटतात. आपल्याला इथे मतही आहे, हे मात्र अनेकांना वर्ष-दोन वर्षं ठाऊकच नसतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला कौन्सिलपासून (म्हणजे इथली पालिका) संसदेपर्यंत प्रत्येक निवडणुकीत मतदान करता येतं. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, आयएलआरही (इथे कायमचं राहण्याचा परवाना) लागत नाही. मत दिल्याने भारतीय नागरिकत्वालाही काही होत नाही. जर्मन नागरिकाला वीस वर्षं इथे काढूनही संसदेसाठी मत देता येत नाही, आपल्याला मात्र पहिल्या वर्षापासून देता येतं.

तेव्हा पक्ष वगैरे नंतर, आधी मतदार यादीत नाव घाला. सरकारी संकेतस्थळावर पाच-दहा मिनिटांचं काम आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मतदानाच्या 12 कामकाजाचे दिवस आधी नोंदणी बंद होते, आणि घर बदललं की नव्याने नोंदवावं लागतं. भारतातल्यासारखा बीएलओ दारी येईल म्हणून वाट बघू नका. फॉर्ममध्ये ‘ओपन रजिस्टर’चा प्रश्न येतो, तिथे नाही म्हणा, ती यादी कुणालाही विकत घेता येते. मुख्य यादी क्रेडिट कंपन्या पाहतात, त्यामुळे राजकारणात काडीचा रस नसला तरी गृहकर्जासाठी ही नोंदणी उपयोगी पडते. दोन गावांत पत्ता असलेल्या विद्यार्थ्यांना दोन्हीकडे नाव घालता येतं, पण संसदेसाठी मत एकदाच द्यायचं.

इंग्लंडमध्ये मे 2023 पासून मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स चालत नाही. चालणाऱ्या ओळखपत्रांपैकी काहीच जवळ नसेल तर व्होटर अथॉरिटी सर्टिफिकेट फुकट मिळतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये त्यांच्या स्वतःच्या निवडणुकांना ओळखपत्राची अट नाही. मतदान बहुधा गुरुवारी, सकाळी 7 ते रात्री 10. ईव्हीएम नाही, बोटाला शाई नाही, ‘नोटा’चा पर्यायही नाही. कागद, पेन्सिल आणि फुली, बस.

आता पक्ष. सदस्य होण्याचे नियम पक्षागणिक वेगळे आहेत. लेबर पक्षाला ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक नसलेला सदस्य हवा असेल तर तो वर्षभर इथे राहिलेला असावा लागतो. दुसऱ्या पक्षाचा सदस्य असलेला माणूसही त्यांना चालत नाही. इतरांचे नियम फॉर्म भरण्याआधी वाचून घ्या. पण पत्रकं वाटायला सदस्यत्व लागत नाही, आणि मी तर सांगेन की पैसे भरण्याआधी दोन शनिवार त्या लोकांबरोबर चाला. माणसं कशी आहेत ते जाहीरनाम्यापेक्षा लवकर कळतं.

कोणता पक्ष, हे मी सांगणार नाही. कसा निवडू नये, एवढं सांगतो. आपल्यातले बरेच जण भारताबद्दल कोण गोड बोलतं ते बघून पक्ष ठरवतात. कौन्सिलच्या हातात परराष्ट्र धोरण नसतं आणि व्हिसाचे नियमही नसतात. तिच्याकडे कचरा, वाचनालयं, बांधकाम परवाने, रस्त्यांवरचे खड्डे, वृद्धांची देखभाल असली कामं असतात. काही भागांत ही कामं काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन ठिकाणी वाटलेली असतात, त्यामुळे खड्ड्याची तक्रार चुकीच्या काउन्सिलरकडे नेणं फार सोपं आहे. कौन्सिलच्या संकेतस्थळावर मागच्या निवडणुकीचे वॉर्डवार आकडे असतात, ते बघा. काउन्सिलर ठरावीक दिवशी लोकांना भेटतात, त्याला इथे सर्जरी म्हणतात. तिथे एखादं खरंखुरं काम घेऊन जा. ते काम कोण तडीस नेतं आणि कोण नुसती मान डोलावतं, यावरून पुष्कळ कळतं.

पक्षाची ब्रँच म्हटल्यावर डोळ्यांसमोर कार्यालय, झेंडे, गर्दी आणू नका. चर्चच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या तरी दिवाणखान्यात आठ-दहा माणसं, मागच्या सभेचं इतिवृत्त, आणि पत्रकं कोण वाटणार यावर अर्धा तास खल, असं त्याचं रूप असतं. पहिल्या सभेला कंटाळा येईल. पण आठ जणांत नववा माणूस बोलला की ते ऐकून घेतलं जातं, आणि याच आठ-दहा जणांच्या मतावर पुढे वॉर्डाचा उमेदवार ठरू शकतो.

खरं काम दारावरचं. पत्रकं वाटण्यात डोकं लागत नाही, बोटं मात्र लागतात. इथल्या दारांतल्या पत्रपेट्यांना आतून ताठ ब्रश असतो, कधी त्यामागे कुत्रा. जुने कार्यकर्ते खिशात लाकडी उलथनं ठेवतात आणि त्याने कागद आत ढकलतात. तुम्हीही ठेवा. पत्रक अर्धं बाहेर लटकत सोडू नका; घरात कुणी नाही हे चोराला सांगितल्यासारखं होतं. पत्रकावर छापणारा आणि ते काढणारा (प्रमोटर) यांचं नाव-पत्ता असणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे घरच्या प्रिंटरवर स्वतःचं पत्रक छापून वाटण्याचा उत्साह आवरा.

कॅनव्हासिंग जरा वेगळं. एकजण रस्त्यावर यादी किंवा फोन घेऊन उभा राहतो आणि बाकीच्यांना दारं वाटून देतो. तुम्ही बेल वाजवायची, नाव आणि पक्ष सांगायचा, इथे काही अडचण आहे का विचारायचं आणि शेवटी मत कुणाला देणार ते विचारायचं. नव्या माणसाला वाटतं, आपल्याला समोरच्याचं मन वळवायचं आहे. तसं नसतं. आपला, विरोधी की काठावरचा, एवढी नोंद करून पुढच्या दाराकडे जायचं. विरोधकाशी पंधरा मिनिटं वाद घालणारा कार्यकर्ता विरोधकाचंच काम करत असतो, कारण तेवढ्यात दहा दारं राहून जातात. आपल्या उच्चारांची काळजी करू नका. लोकांना तुम्ही ऐकता की नाही, याच्याशी मतलब असतो. क्वचित कुणी उर्मट बोलतं. धन्यवाद म्हणून वळायचं आणि जोडीदाराला सांगायचं. एकट्याने मात्र जाऊ नये.

या नोंदींचं पीक मतदानाच्या दिवशी हाती येतं. केंद्राबाहेर पक्षाचा बिल्ला लावून टेलर, म्हणजे कोण मत देऊन गेलं याची नोंद घेणारे कार्यकर्ते, उभे असतात आणि मतदाराचा यादीतला क्रमांक विचारतात. तो सांगणं बंधनकारक नाही, आणि टेलर हा सरकारी माणूसही नव्हे. ते क्रमांक कमिटी रूममध्ये, म्हणजे त्या दिवशी पक्षाचं काम जिथून चालतं तिथे, येतात, मतदान केलेल्या समर्थकांची नावं खोडली जातात, आणि उरलेल्यांची दारं संध्याकाळी पुन्हा वाजवली जातात. स्थानिक निवडणुकीत निम्म्याहून बरेच कमी लोक मत द्यायला जातात. म्हणून आठ वाजता पावसात वाजवलेली ही बेल सभेतल्या भाषणापेक्षा जास्त मतं आणते, असं माझं ठाम मत आहे.

काही गोष्टी आपल्या सवयीच्या, पण इथे गुन्हा ठरणाऱ्या आहेत. मत मिळवण्यासाठी मतदाराला खाऊ-पिऊ घालणं हा निवडणूक कायद्यातला गुन्हा आहे. पैसे देऊन कॅनव्हासिंगला माणसं ठेवणंही बेकायदा. नात्याबाहेरच्या लोकांची पोस्टल मतं प्रचारकाने हाताळण्यावर 2024 पासून बंदी आहे. शेजारच्या आजींच्या पोस्टल मताचं पाकीट मदत म्हणूनसुद्धा घेऊ नका. पक्षाला 500 पौंडांहून जास्त देणगी द्यायची तर देणारी व्यक्ती इथल्या मतदार यादीत असावी लागते, म्हणजे भारतातल्या मामांचे पैसे आपल्या नावावर फिरवणं सरळ अंगाशी येईल. चॅरिटी म्हणून नोंदलेल्या मंडळाला कोणत्याही पक्षाचा प्रचार करता येत नाही. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि ईमेल यादी यापासून पक्ष दूर ठेवा. सरकारी खात्यात किंवा कौन्सिलमध्ये नोकरी असेल तर काही पदांवर राजकीय कामाला मनाई असते, ते एचआरला आधी विचारा.

उभं राहायचं असेल तर मात्र नियम कडक होतात. इंग्लंडमध्ये भारतीय नागरिकाला उमेदवारीसाठी आयएलआर लागतो. मतासाठी पुरणारा वर्क व्हिसा इथे पुरत नाही. वय 18 पूर्ण हवं, आणि कौन्सिलसाठी त्या भागातल्या यादीत नाव किंवा तिथे बारा महिन्यांचं वास्तव्य वा नोकरी यासारखा एखादा संबंध हवा. इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या निवडणुकीत एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो, अनामत नाही. संसदेला दहा सह्या आणि 500 पौंड लागतात, आणि पाच टक्क्यांहून जास्त मतं पडली नाहीत तर ते पैसे जातात. पक्षाचं नाव आणि चिन्ह हवं तर पक्षाचं अधिकृत पत्र जोडावं लागतं.

पक्षांना न जिंकणाऱ्या वॉर्डांतही नाव द्यायचं असतं. अशा नावापुरत्या उमेदवाराला पेपर कँडिडेट म्हणतात, आणि पहिल्यांदा उभं राहायला ही वाट वाईट नाही. फक्त लाट आली तर असा उमेदवारही निवडून येतो, आणि मग चार वर्षं संध्याकाळच्या सभा आल्या, हे घरी आधी बोलून ठेवा. पुढे भारताचे संरक्षणमंत्री झालेले कृष्ण मेनन लंडनच्या सेंट पँक्रसमध्ये 1934 पासून 1947 पर्यंत काउन्सिलर होते. त्याआधी 1892 मध्ये दादाभाई नौरोजी फिन्सबरीतून अगदी मोजक्या मतांनी खासदार झाले होते. आपली माणसं या वाटेने सव्वाशे वर्षांहून जास्त काळ जात आली आहेत.

एका भूमिकेपासून मात्र जपा. पक्षाला तुम्ही मराठी किंवा भारतीय आहात हे कळलं की कुणीतरी विचारणार, ‘तुमच्या समाजाची मतं किती?’ गणपतीला खासदार बोलवायचे, फोटो काढायचे आणि मतांची हमी द्यायची, असा धंदा करणारे आपल्यात आहेत. त्यांना व्यासपीठावर खुर्ची मिळते, पण उमेदवार ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही. तुमच्या रस्त्यावरच्या साठ घरांची माहिती तुमच्याइतकी कुणाला नाही, अशी ओळख झाली की समाजाचा आकडा विचारणं आपोआप थांबतं.

कौन्सिलच्या निवडणुका बहुधा मेच्या पहिल्या गुरुवारी असतात. एप्रिलमध्ये उगवणाऱ्याच्या हातात पत्रकांचा गठ्ठा मिळतो, ऑक्टोबरमध्ये येणाऱ्याला लोक नावाने ओळखू लागतात. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या की ब्रँचच्या सेक्रेटरीला दोन ओळींची ईमेल टाका: मी अमुक रस्त्यावर राहतो, त्या रस्त्याची पत्रकं मी वाटेन. उत्तर बहुतेक त्याच दिवशी येतं.