रंगीत ई-रीडर घेताय? आधी दिवा शून्यावर आणा

दुकानात कलर ई-रीडर हातात आला की मुखपृष्ठांची झगमग बघत बसू नका. सेटिंगमध्ये जाऊन फ्रंटलाइट, म्हणजे पडद्यावर उजेड पाडणारा दिवा, शून्यावर आणा. रंग तिथल्या तिथे मलूल होतात आणि पांढरं पान वर्तमानपत्राच्या कागदासारखं करडं दिसू लागतं. शेजारी साधा काळा-पांढरा रीडर ठेवला तर फरक आणखी ठळक दिसतो. हा त्या एका नगाचा दोष नाही, पडद्याची रचनाच तशी आहे. घ्यायचा की नाही, हे बरंचसं इथेच ठरतं.

कोबोचे लिब्रा कलर आणि क्लारा कलर, पॉकेटबुकचा एरा कलर, बूक्सचा गो कलर ७ या सगळ्यांत ई-इंक कंपनीचा कॅलिडो ३ हा पडदा आहे. किंडल कलरसॉफ्टही त्याच जातीचा, अ‍ॅमेझॉनने आपले फेरफार केलेला. या पडद्यात शाई रंगीत नसतेच. खाली नेहमीचे काळे-पांढरे कण आणि त्यांच्यावर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची बारीक जाळी असते. उजेड जाळीतून आत जातो, पांढऱ्या कणांवरून परततो आणि पुन्हा त्याच जाळीतून बाहेर पडतो. जाता-येता दोन्ही वेळा जाळी त्यातला बराच वाटा गिळते. म्हणून काळा-पांढरा रीडर खिडकीजवळ दिव्याशिवाय छान वाचता येतो, पण कलरला घरात भर दुपारीही थोडा फ्रंटलाइट लागतोच. उघड्या उन्हात मात्र कलर पडदा उत्तम दिसतो, दिवा न लावता.

दुसरी किंमत बारकाव्यात मोजावी लागते. काळा मजकूर इंचाला ३०० ठिपके या दराने उमटतो, रंगीत भाग १५० ने. आडवे-उभे दोन्ही निम्मे, म्हणजे तेवढ्याच जागेत ठिपके पाव. काळ्या अक्षरांतली कादंबरी त्यामुळे टोकदार दिसते, पण लाल रंगात छापलेल्या मथळ्यातली जोडाक्षरं कडेला फुटल्यासारखी वाटतात. रंगांची संख्या ४,०९६. तिन्ही रंगांच्या प्रत्येकी १६ छटा, त्यांचा हा गुणाकार. मोबाइलचा पडदा १ कोटी ६७ लाख रंग दाखवतो, तेव्हा फोटोंच्या बाबतीत तुलना करूच नये. कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रापेक्षा सपाट रंगांचं रेखाचित्र इथे नेहमीच सरस दिसतं.

रीमार्केबल पेपर प्रोमध्ये वेगळा पडदा असतो. त्यात कणच रंगीत असतात, जाळी नसते. पण रंगीत पान बदलायला वेळ लागतो आणि पडदा चांगलाच लुकलुकतो. ते वहीसारखं लिहिण्याचं यंत्र आहे. नुसतं वाचायचं असेल तर त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

रंग कोणाला लागतो

स्वतःला एकच प्रश्न विचारा: आपल्या वाचनात रंग माहिती सांगतो की नुसती शोभा वाढवतो? कथा, कादंबऱ्या, चरित्रं वाचत असाल तर काळा-पांढराच घ्या. कमी पैशात जास्त उजळ पान मिळेल. मुखपृष्ठ रंगीत दिसण्यासाठी रोजचं पान काळवंडून घेणं हा तोट्याचा सौदा आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, आलेख, चित्रकथा, मुलांची पुस्तकं, दिवाळी अंकांच्या पीडीएफ असं काही असेल तर कलरचा विचार करा.

दुकानात जाताना मोबाइलमध्ये बालभारतीच्या भूगोलाच्या पुस्तकाची पीडीएफ ठेवा. ती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. नकाशाचं पान रीडरवर उघडा. गडद निळा, लाल, हिरवा हे रंग वेगळे ओळखू येतात. पण सूचीत फिकट पिवळा आणि फिकट पोपटी शेजारी असतील तर ते एकमेकांत मिसळतात. पर्जन्याचे किंवा उंचीचे नकाशे असे फिक्या छटांवरच उभे असतात. ते तुमच्या कामाचे असतील तर ई-रीडर नको, साधा टॅबलेट घ्या.

हायलाइटचे चार रंग ही अभ्यास करणाऱ्यांसाठी खरी सोय. व्याख्या निळ्यात, सनावळ्या गुलाबीत, शंका हिरव्यात (किंडलवर हिरवा नाही, तिथे नारिंगीत) असं एकदा ठरवलं की उजळणी झपाट्याने होते. पिवळा शक्यतो टाळा. रात्री उबदार दिवा वाढवला की सगळं पानच पिवळसर होतं आणि पिवळा हायलाइट त्यात विरून जातो.

काउंटरवरची तपासणी

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पहिल्या दिवशीच एवढं बघा. पूर्ण पांढरं पान उघडून दिवा ५० टक्क्यांवर ठेवा आणि चारही कडा तपासा. २०२४ मध्ये कलरसॉफ्टच्या सुरुवातीच्या काही नगांत खालच्या कडेला पिवळा पट्टा दिसत होता. तसला पट्टा किंवा एका कोपऱ्यात निळसर-गुलाबी झाक दिसली तर लगेच बदलून मागा. जाळीची बारीक कणी मात्र सगळ्याच नगांत थोडीफार दिसते, तिच्यासाठी भांडू नका. मग काळं पान उघडून कायम चमकणारे ठिपके शोधा. शेवटी कीबोर्ड उघडून चारही कोपऱ्यांतली अक्षरं दाबून बघा. टच बिघडलेला असतो तो बहुधा कडेला.

बाहेरून आणलेला माल स्वस्त मिळाला तर एकच गोष्ट विचारा: वॉरंटी भारतात चालते का? ई-रीडरमध्ये महागडा भाग पडदाच. तो बदलायची वेळ आली की नवं यंत्र घेणंच परवडतं.

मराठी नीट दिसतंय ना?

तपासायला चार शब्द पुरेत: दुसऱ्या, लक्ष्मी, अ‍ॅप, ऑगस्ट. ‘दुसऱ्या’तला ऱ्य तुटून र आणि य वेगळे पडले, किंवा ‘अ‍ॅप’मधला चंद्र बाजूला सरकला, तर दोष फॉन्टचा असेल किंवा वाचन-इंजिनाचा. आधी फॉन्ट बदला. रीडर केबलने संगणकाला जोडा, मुख्य मेमरीत इंग्रजी लहान अक्षरांत ‘फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर करा आणि त्यात फॉन्टच्या फाइल टाका. कोबो आणि किंडल दोन्हींत हे चालतं. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मोफत आहे आणि त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. कलर पडद्यावर बारीक रेघांचे फॉन्ट फिके वाटतात. अशा वेळी मुक्ता हा फॉन्ट मध्यम जाडीत लावून बघा.

फॉन्ट बदलूनही कोबोवर जोडाक्षरं तुटत असतील तर कॅलिबर या मोफत प्रोग्रॅममधून पुस्तक केपबमध्ये, म्हणजे कोबोच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात बदला. साधा ईपब (ई-पुस्तकांचा नेहमीचा फाइल-प्रकार) आणि केपब यांच्यासाठी कोबोत दोन वेगळी इंजिनं आहेत, एकात बिघडलेलं दुसऱ्यात सुधारू शकतं. किंडलवर ईपब केबलने टाकला तर उघडत नाही, तो ‘सेंड टू किंडल’मधूनच पाठवावा लागतो. ईमेलने ५० एमबीपर्यंत, वेबवरून २०० एमबीपर्यंत. सुरुवातीला फुकट पुस्तकं हवी असतील तर मराठी विकिस्रोतावरून स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं ईपबमध्ये उतरवून घ्या.

पीडीएफची खरी अडचण

कलर रीडर घेणाऱ्यांची निराशा होते ती बहुतेक इथे, आणि त्यात रंगाचा काही दोष नसतो. ए४ पान ८.२७ इंच रुंद असतं. सात इंची रीडरचा पडदा उभा धरला तर जेमतेम ४.२ इंच रुंद. पान निम्म्याने आक्रसतं आणि १२ पॉइंटचा मजकूर ६ पॉइंटचा होतो. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार आणि मधे जोडाक्षरं, त्यामुळे ६ पॉइंट वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

उपाय दोन, आणि ते एकत्रच करा. आधी समास कापा. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर कोरी जागा असेल तर ती गेल्यावर मजकुराची रुंदी ६.७ इंच उरते. मग रीडर आडवा करा, पडद्याची रुंदी ५.६ इंच होते. अक्षर आता मूळच्या ८४ टक्के, म्हणजे १२ पॉइंटचं सुमारे १० पॉइंट. आरामात वाचता येतं, फक्त एका पानासाठी दोन-तीनदा खाली सरकावं लागतं. याच हिशोबाने सहा इंची रीडर पीडीएफसाठी बादच समजा. १०.३ इंची पडद्यावर उभं धरूनही अक्षर ७५ टक्के राहतं आणि समास कापले तर ९० टक्क्यांच्या वर जातं.

समास कापायला ‘केटूपीडीएफऑप्ट’ हा मोफत प्रोग्रॅम चांगला. पण तो फाइल मुळात करड्या रंगात बनवतो. कलर आउटपुटच्या चौकोनात खूण करायला विसरलात तर रंगाचे पैसे पाण्यात. दोनशे पानांचा स्कॅन केलेला अंक असेल तर चित्रांची रुंदी १,६८० पिक्सेलवर आणा. सात इंची पडदा त्याहून जास्त दाखवूच शकत नाही, आणि फाइल मोठी असली की दुबळा प्रोसेसर दर पानाला अडखळतो. चित्रकथांची रंगघनता आधीच २० ते ३० टक्के वाढवून टाका, पडद्यावर ती बरोबर उतरते. कलरसॉफ्टमध्ये ‘व्हिव्हिड’ नावाचा पर्याय आहे, बूक्समध्ये रंग आणि उजळपणा यांच्या पट्ट्या आहेत.

जुन्या पीडीएफची एक खोड लक्षात ठेवा. युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवलेला मजकूर दिसायला मराठी असतो, पण आत इंग्रजी खुणा असतात. असल्या फाइलचं ईपब केलं की अगम्य अक्षरांची रास मिळते, शोधही चालत नाही. ती पीडीएफ म्हणूनच वाचा, नाहीतर टेसरॅक्टसारख्या मराठी येणाऱ्या ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्रॅम) काढून मुद्रितं तपासायची तयारी ठेवा.

मागच्या पानाची पुसट सावली दिसत राहिली तर पडदा खराब झालेला नाही. सेटिंगमध्ये पान पूर्ण ताजं करण्याची वारंवारता वाढवा: चित्रांसाठी दर पानाला, मजकुरासाठी सहा-आठ पानांनी. दर पानाला लुकलुक नको असेल तर सावली थोडी सोसावी लागते.

लोकल, घाम आणि पाऊस

टचस्क्रीन घरात सोयीची असते, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो. सकाळी विरार लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्याने रीडर धरल्यावर तीच टच छळते. किंडलवर डावी कड मागे नेते आणि बाकीचं पान पुढे, म्हणून डाव्या हातात धरलं की अंगठा सतत मागचं पान आणतो. उभ्याने प्रवास करणाऱ्यांनी पान उलटायची बटणं असलेलाच रीडर घ्यावा. लिब्रा कलर आणि गो कलर ७ ला ती आहेत, क्लारा कलर आणि कलरसॉफ्टला नाहीत. डबा हेलकावला की पान आडवं होतं, म्हणून दिशाही लॉक करून टाका.

पाण्याचा थेंब टचला बोटच वाटतो. जुलैत खिडकीतून तुषार आले की पानं आपोआप उलटतात, भलताच शब्द निवडला जातो. कव्हर बंद करा, पडदा सुक्या सुती कापडाने टिपा, मग उघडा. आयपीएक्स८ ही पाण्यात टिकण्याची खूण. किंडल आणि कोबोत तिचा अर्थ दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर एवढीच हमी, आणि सगळ्या मॉडेलना ती नसते. ही हमी असलेल्या रीडरवर खारं पाणी उडालं तर तो साध्या पाण्याने हलकेच धुऊन घ्या. यूएसबीचं तोंड खाली करून सुकू द्या, ओलं असताना चार्जर लावू नका, हेअर ड्रायरही नको.

बॅटरीबद्दल कंपनी ‘आठ आठवडे’ म्हणते तेव्हा हिशोब रोज अर्ध्या तासाचा आणि वायफाय बंद असा असतो. म्हणजे एकूण २८ तास. जाऊन-येऊन तीन तास वाचणाऱ्याला ते नऊ दिवस पुरतील, आणि कलर रीडरचा दिवा कायम चालू म्हणून त्याहून कमीच धरा. आठवड्यातून एकदा चार्ज करायची सवय ठेवली की प्रश्न उरत नाही.

बॅगेत मात्र सांभाळा. वरची काच शाबूत राहून आतला पातळ काचेचा थर तडकू शकतो. मग पानावर न पुसणाऱ्या रेघा कायमच्या येतात, आणि वॉरंटी सहसा ते मान्य करत नाही. गर्दीत बॅग पोटाशी दाबली जाते तेव्हा पडद्यावर टेकतं ते जेवणाच्या डब्याचं झाकण किंवा छत्रीची मूठ. कडक पाठीचं कव्हर घाला, रीडर बॅगेच्या पाठीकडच्या सपाट कप्प्यात ठेवा आणि पडद्याची बाजू डब्यापासून उलटी करा.